कातरलेल्या कानाच्या बकऱ्या

सरका जरा इकडं, आंब्याची सावली सगळ्यांना पुरेल. शेंगा सोलता सोलता ऐकलंत तरी चालेल, हात थांबवायचं कारण नाही. आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात चारशे-पाचशे बकऱ्या आहेत, औषध न देणारी एक डॉक्टरबाई आहे, आणि देवाच्या नावानं आम्ही घालून ठेवलेला एक भला मोठा घोळ आहे. तो निस्तरायला मला गुरुवारी घंटा वाजवावी लागली. गुरुवारी घंटा वाजणं म्हणजे काय, ते कळेल पुढं.

मी मोग्गा. आमच्या काजो-केजीहून सीमा ओलांडून या देशात आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. लोकिरीच्या या निर्वासित वस्तीत चर्चची घंटा मी वाजवतो. घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची लोखंडी रिम, याच आंब्याला टांगलेली. वाजवायला एक सळई. रविवारी सकाळी तीन वेळा वाजवली की मंडळी जमतात, आणि मग जोकुडूआई उभी राहते.

जोकुडूआई आमची धर्मोपदेशक. ती प्रवचन सांगत नाही, गाते. एक ओळ ती टाकते, दुसरी आम्ही उचलायची. मधेच ठेका बदलते, कुणाचं तरी नाव घेऊन चिमटा काढते, आणि सगळे हसत असताना असं काही गाऊन जाते की हसणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येतं. साठ वर्षं मी प्रवचनं ऐकतोय, दोन देशांत ऐकली. पोट रिकामं असताना तिच्या गाण्यानं मी उभा राहिलोय, हे देवाच्या साक्षीनं सांगतो.

तर तीन वर्षांपूर्वी बिरुंगीबाई कंपालाहून आल्या. त्या डॉक्टर आहेत असं कळल्यावर म्हाताऱ्या बायका गुडघे दाखवायला रांगेत उभ्या राहिल्या. मग समजलं की या माणसं तपासत नाहीत, आकडे तपासतात. निर्वासितांना नुसतं धान्य वाटण्याऐवजी उभं राहायला साधन दिलं, तर ते खरंच आपल्या पायावर उभे राहतात का, हे त्यांना शोधायचं होतं. साधन म्हणजे घरामागं दोन बकऱ्या, तिळाचं बियाणं, इथल्या शेतकऱ्यांकडून एका हंगामासाठी घेतलेला जमिनीचा तुकडा, आणि दर आठवड्याला येऊन शिकवणारा माणूस.

पण सगळ्यांना नाही. ओढ्याच्या अलीकडं घरांच्या चोवीस ओळी. याच आंब्याखाली टोपलीत बाटल्यांची झाकणं टाकली आणि प्रत्येक ओळीतल्या एकानं एक उचललं. हिरवं झाकण आलं त्या ओळीला मिळणार, लाल आलं त्या ओळीनं थांबायचं. बारा हिरव्या, बारा लाल.

आमचा तोम्बे लाल ओळीतला. जीभ अशी की तिच्यावर चाकूला धार लावावी. तो उठला. "म्हणजे बाई, आम्ही उपाशी राहून तुम्हाला मदत करायची?"

"हो," बिरुंगीबाई सरळ म्हणाल्या. "दोन वर्षं. फरक बकऱ्यांनीच पडला हे दाखवायचं तर ज्यांना दिलं नाही त्यांच्याकडंही बघावं लागतं. पैसे देणाऱ्यांना ते पटलं तर मग सगळ्यांना देतील."

"खरं बोलणारा पाहुणा पहिल्यांदाच आला," तोम्बे म्हणाला आणि खाली बसला.

ओढ्यापलीकडच्या सहा ओळींची तर झाकणंही टोपलीत नव्हती. त्यांची पाळी पुढं कधीतरी येणार म्हणून नावं तेवढी लिहून घेतली. नियम एकच सांगितला. या बकऱ्या आणि त्यांची करडं दोन वर्षं विकायची नाहीत, दुसऱ्या घरी द्यायची नाहीत. दर सहा महिन्यांनी किदेन नावाची मुलगी घरोघर जाऊन प्रश्न विचारणार. किदेन आपल्यातलीच, पण वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी आणि कॅथलिक चर्चला जाणारी. जोकुडूआईचं प्रवचन तिच्या कानावर कधी पडलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

आता आमची रीत ऐका. पहिलं फळ देवाचं. पहिली टोपली तीळ, पहिलं करडू वेदीपुढं आणून ठेवायचं. काजो-केजीला प्रार्थना झाली की त्याचा तिथंच लिलाव व्हायचा आणि पैसे चर्चला जायचे. इथं लिलावात बोली लावणार कोण? हिरव्या ओळींतली पहिली करडं वेदीपुढं बें-बें करत उभी राहिली, तेव्हा जोकुडूआईनं डोळे मिटले आणि गायला लागली:

"घंटा अमुची वाजते, ऐकू कुणाला येते?"

आम्ही म्हटलं, "या ओळीला, त्या ओळीला, ऐकू सगळ्यांना येते."

"लाल झाकण बघून का आवाज मागं फिरतो?"

"नाही आई, नाही आई, घराघरात शिरतो."

तासभर गायली. मी रिमवर हलका ठेका धरला होता. संपल्यावर तिनं देवाच्या नावानं एकेका करडाच्या डाव्या कानाला छोटी चीर दिली. देवाचं जनावर चुकून कुणी विकू नये म्हणून ही खूण आमच्याकडं आजोबांच्या काळापासून करतात. मग एकेक करडू लाल ओळींतल्या एकेका घराकडं गेलं. तिळाच्या टोपल्याही गेल्या. पुढं शिकवणारा माणूस हिरव्या ओळीत यायचा तेव्हा लाल ओळीतल्या बायका मागं येऊन बसायच्या. त्यांना ऊठ कोण म्हणणार?

दोन वर्षं अशी गेली. एका बुधवारी बिरुंगीबाई आणि किदेन या आंब्याखाली येऊन बसल्या. दोघींची तोंडं उतरलेली. मी पाणी दिलं.

"काय झालं पोरी? आकडे वाईट आले?"

"हिरव्या ओळी सुधारल्या, मोग्गाकाका," किदेन म्हणाली. "घरात दोन वेळा पिठाचा आसिदा शिजतो. बायका बाजारात तिळाचा गोळा विकतात."

"मग?"

"लाल ओळीही सुधारल्या. जवळजवळ तेवढ्याच."

"मग आनंद दुप्पट की."

बिरुंगीबाईंनी मान हलवली. "तुम्हाला आनंद काका, पण ज्यांची पाळी यायची आहे त्यांचं सगळं संपलं. काही न मिळता लाल ओळी सुधारल्या, तर देणारे विचारणारच की बकऱ्या दिल्या कशाला? पाऊस चांगला झाला, नवा रस्ता झाला, त्यानंच सगळं घडलं म्हणतील. परवा शुक्रवारी अरुआ शहरात त्यांची बैठक आहे. तिथं हे काम बंद करायचं ठरेल. आणि त्यांच्यातले एक साहेब म्हणतात, या मुलीनं झाडाखाली बसून मनानंच कागद भरले असतील."

किदेन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. उन्हातान्हात चारशे-पाचशे घरं चार वेळा पालथी घातलेली पोर ती.

"लाल ओळींत बकऱ्या आहेत," बिरुंगीबाई म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिल्या. विकत घेतल्या का विचारलं तर नाही म्हणतात. मग आल्या कुठून?"

"देवानं दिल्या."

"काका, मीही रविवारी चर्चला जाते. पण देव बकरी देतो ती कुणाच्या तरी दावणीची सोडून देतो."

"देतो ना. हिरव्या ओळींतलीच."

दोघींनी एकदम माझ्याकडं पाहिलं. बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

"पण मी घरोघर विचारलं," किदेन म्हणाली. "हिरव्या ओळीत विचारलं, तुमच्या बकऱ्या-करडांपैकी काही कुणाला दिलं का? सगळे नाही म्हणाले."

"खरंच बोलले. माणसाला कुठं दिलं? देवाला वाहिलं."

"आणि लाल ओळीत विचारलं, कुठल्या संस्थेनं किंवा शेजाऱ्यानं काही दिलं का..."

"तुझ्या कागदावर देवाला कशात धरतात, संस्थेत की शेजाऱ्यात?"

बिरुंगीबाई हसायला लागल्या, इतक्या की पेला खाली ठेवावा लागला. हसता हसता उठल्या आणि आंब्याभोवती चालायला लागल्या. बोलणं स्वतःशीच. "म्हणजे दिलेलं कामी आलं. एका घराला दिलं आणि दोन घरं उठली. आम्ही ज्यांच्याशी तुलना करत होतो त्यांनाही मिळालं होतं." मग थांबल्या. "पण हे नुसतं सांगून कोण ऐकेल? पुरावा लागेल."

"कान आहेत की," मी म्हटलं. "तुमच्या बकऱ्यांच्या कानात पिवळा बिल्ला. देवाच्या बकऱ्यांना डाव्या कानाला चीर. एकेक कान बघा आणि मोजा."

मी धावतच जोकुडूआईकडं गेलो. या वयात धावलो, हसू नका. ती चुलीपुढं आसिदा घोटत होती. सगळं ऐकून घेतलं, घोटणं थांबवलं नाही.

"नियम मोडला म्हणून बकऱ्या घेऊन जातील का?" तिनं विचारलं.

"बाई म्हणतात, सांगता येत नाही."

"दुसऱ्या घरी द्यायच्या नाहीत म्हणाले होते. देवाला द्यायच्या नाहीत असं कुणी म्हणालं होतं का?"

"नाही."

"उद्या सकाळी घंटा वाजव."

"आई, उद्या गुरुवार आहे."

"मला वार कळतात, मोग्गा."

आमच्याकडं रविवार सोडून घंटा वाजली तर दोनच अर्थ. आग लागली, नाहीतर कुणी गेलं. गुरुवारी उजाडताच मी सळई उचलली आणि जेवढा जोर होता तेवढा लावला. अर्ध्या वस्तीनं पाण्याच्या बादल्या आणल्या, अर्धी रडायच्या तयारीनं आली. तोम्बे बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं.

"कोण मेलं?"

"कुणी नाही."

"आग कुठंय?"

"नाही लागली."

"मग म्हाताऱ्या, आता तूच मरणार," असं म्हणून त्यानं बादली माझ्या पायाशी आपटली.

बिरुंगीबाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. बैठक उद्या आहे, काम बंद होणार आहे, कातरलेले कान मोजू दिलेत तर कदाचित वाचेल. मग हिरव्या ओळीतली एक बाई म्हणाली, "कान दाखवले आणि बकऱ्या नेल्या तर?"

"नेणार नाहीत असा शब्द मी देऊ शकत नाही," बिरुंगीबाई म्हणाल्या. "ते माझ्या हातात नाही. मी फक्त मोजते. गप्प राहिलात तर बंद होणार, एवढंच मला नक्की ठाऊक आहे."

"हिला साधं खोटंही बोलता येत नाही," तोम्बे पुटपुटला.

कुणी हलेना. एक-दोन बायका हळूच मागं सरकायला लागल्या. तेव्हा जोकुडूआईनं गाणं धरलं, तेच जुनं. "घंटा अमुची वाजते, ऐकू कुणाला येते?"

आम्ही म्हटलं, पण पडेल आवाजात. "या ओळीला, त्या ओळीला, ऐकू सगळ्यांना येते."

"नाही येत," किदेन म्हणाली.

प्रवचनाच्या मधे असं कुणी बोलत नाही. सगळे वळले. पोर पुढं आली. "तुमची घंटा मी पलीकडं कधीच ऐकली नाही, आजी. चार वेळा ओढा ओलांडून गेले. ऐका." उत्तरं भरून ठेवायचं यंत्र तिच्या हातात होतं, त्यावर तिनं बोट फिरवलं आणि वाचायला लागली. "येनो. तीन मुलं. दिवसातून किती वेळा जेवता? एकदा. बकरी आहे? नाही. कुणी काही दिलं? नाही. सहा महिन्यांनी पुन्हा. एकदा. नाही. नाही. पुन्हा. एकदा. नाही. नाही. चौथ्या वेळी मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, पोरी, तेच लिही. मग मला बसायला तिनं घरातलं एकुलतं एक स्टूल दिलं."

जोकुडूआई माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांत तिचा ठेका अर्ध्यावर तुटलेला मी पाहिला नव्हता.

"मोग्गा," ती म्हणाली, "घंटा पलीकडं जात नाही?"

"नाही आई. ओढा खळखळला की आवाज काठावरच विरतो."

"मला का नाही सांगितलंस?"

मला ठाऊक होतं आणि मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. आईनं ओढ्याकडं तोंड केलं. मग हलक्या आवाजात गायली:

"घंटा अमुची वाजते, ओढ्यापाशी थांबते,
पलीकडं माझी बहीण आहे, एकदाच जेवते."

तेवढ्यात तोम्बे वळला आणि घराकडं चालता झाला. म्हटलं, गेला हा. पण थोड्या वेळात परत आला तो बकरी खांद्यावर टाकून. धापा टाकत बिरुंगीबाईंपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या, हा कान. कानामागची बकरी मात्र मला परत पाहिजे."

मग काय सांगू तुम्हाला. वस्ती फुटल्यासारखी धावली. दावणी सुटल्या, बायका करडं काखेत मारून आल्या, पोरं शेपट्या धरून. धूळ एवढी की आंबा दिसेना. किदेन कानाचा फोटो काढून आकडा ओरडायची, बिरुंगीबाई लिहायच्या, आणि एका बोकडानं बाईंच्या ओढणीचा काठ चावून खाल्ला तरी त्यांना पत्ता नव्हता. हिरव्या ओळींतून कुणाचं करडू कुणाकडं गेलं, हे दोन्ही घरं समोरासमोर उभी राहून सांगत होती. माझं तुझ्याकडं गेलं होतं होय, असं म्हणून दोन बायकांनी तिथंच एकमेकींना मिठी मारली. देव कुणाचं कुणाला देतो ते आधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुपार कलेपर्यंत कातरलेले कान भरले दोनशे अकरा.

बिरुंगीबाई मातीतच बसल्या आणि किदेनच्या यंत्रातली पलीकडच्या ओळींची पानं उघडली. कुणी हात न लावलेली पानं ती, नुसती नोंद म्हणून ठेवलेली. बोट फिरवत खाली गेल्या, पुन्हा वर आल्या.

"किदेन, पाऊस पलीकडं कमी पडला का?"

"सारखाच पडला, बाई."

"रस्ता?"

"तोच रस्ता. त्यांच्या दारावरूनच जातो."

"आणि दोन वर्षांत काही बदललं नाही." बाईंनी वर पाहिलं. डोळे असे लकाकत होते की मला सणाची सकाळ आठवली. "पाऊस सारखा, रस्ता सारखा. जिथं बकऱ्या पोचल्या, सरळ नाहीतर देवाच्या हातून, तिथं माणसं उठली. जिथं पोचल्या नाहीत तिथं नाही. हेच दाखवायचं होतं मला."

ऊन असतानाच दोघी बोडावर बसून अरुआकडं गेल्या. बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आमच्या रस्त्यावर ती माणसांपेक्षा जास्त उडते. किदेननं पोटाशी ते यंत्र बाळासारखं धरलं होतं.

शुक्रवारी वस्तीत कुणी शेतावर गेलं नाही. सगळे इथं, याच सावलीत. तोम्बेचा फोन मधे स्टुलावर ठेवलेला, आणि सगळे त्याच्याकडं असे बघत होते की जणू तो अंडं देणार आहे. जोकुडूआई डोळे मिटून बसलेली. फोन वाजला तेव्हा बटण तोम्बेच्या बायकोनंच पुढं होऊन दाबलं.

"काका," किदेनचा आवाज आला, "त्यांनी बकऱ्यांचे फोटो पाहिले. त्या साहेबांनी एकेक कान मोठा करून पाहिला. दोन तास प्रश्न विचारले. बकऱ्या कुणाच्याही नेणार नाहीत."

"पुढं बोल, पोरी."

"काम बंद होत नाही. पुढच्या हंगामाच्या आधी ओढ्यापलीकडच्या सहाही ओळींना देणार. या वेळी झाकणं नाहीत. सगळ्यांना. इतर वस्त्यांत पुढं जिथं चिठ्ठ्या टाकतील तिथं ओळीओळीत नाही टाकणार, अख्खी वस्ती एकत्र धरणार, कारण माणसं वाटून खातात हे आता त्यांच्या कागदावर आलंय. आणि प्रश्नांत एक नवा प्रश्न घातलाय. देवाला काय वाहिलंत, आणि ते पुढं कुणाकडं गेलं?"

"आणि झाडाखाली बसून कागद भरणारी मुलगी?" तोम्बेनं फोनजवळ तोंड नेऊन विचारलं.

मग किदेन म्हणाली, "त्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, तोम्बेकाका."

"मग ये लवकर. माझ्या बायकोनं तिळाचा गोळा केलाय, मी एकटाच संपवून टाकीन."

जोकुडूआई उठली, माझ्या हातातून सळई घेतली आणि स्वतः घंटा वाजवली. शुक्रवारी. लांबच्या ओळींतले चार जण पुन्हा बादल्या घेऊन धावत आले ते वेगळंच.

पलीकडं बकऱ्या आल्या त्या दिवशी मीही ओढा ओलांडून गेलो. येनो दारात उभी होती, उंच आणि बारीक. दोन्ही बकऱ्यांच्या दोऱ्या हातात धरलेल्या, पण त्यांच्याकडं बघत नव्हती, किदेनकडं बघत होती. "आज काय लिहिणार?" तिनं विचारलं. किदेननं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. बकरी आहे? आहे. येनोनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. आणि मला बसायला तेच स्टूल पुढं केलं.

आता दर रविवारी मी दुसरी एक रिम ओढ्याच्या काठावर वाजवतो. जोकुडूआईनंच टांगायला लावली. पलीकडची मंडळी ऐकून येतात, पाणी फार असलं तर काठावर उभी राहून ओळ उचलतात.

तुम्ही इथून उठाल तेव्हा दोनशे अकरा कानांची गंमत तुम्हाला आठवेलच, ती सांगायला नको. माझं मागणं वेगळं आहे. आम्ही सगळे देवाच्या नावानं वाटून खात होतो, तेव्हा जिच्यापर्यंत काहीच आलं नाही, आणि जिच्या खऱ्या उत्तरांमुळं आमचं खरं ठरलं, तिची आठवण ठेवा. प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा एक क्षण ओढ्यापलीकडच्या येनोचं नाव घ्या.